वळचण

बाटली पडली तेव्हा हिसिलाला भीती वाटलीच नाही, राग आला. एवढासा धक्का! सतरंजीखालून एखादा उंदीर सटकून जावा तेवढा. म्हणजे यायचंच असेल तर नीट ये, नाहीतर येऊच नकोस. हे काय, सारखं दार ढकलून डोकावून जायचं, उगाच खोडी काढल्यासारखं. मैदानातल्या ताडपत्र्यांखालची बडबड क्षणभर थांबली, कुत्री भुंकली, मग कुणीतरी "गेला, गेला" म्हणालं, जणू नकोसा पाहुणा उठून गेला, आणि बडबड परत सुरू. बाटली प्रतिमादिदीची. पाण्याने भरलेली आणि विटेवर बुचाच्या टोकावर उलटी उभी केलेली. भूकंपापासून अख्ख्या खोऱ्यात ज्याच्या त्याच्या उशाशी अशी एक बाटली आहे, पडली की पळायचं. आधीच उघड्या मैदानात बसलेल्या माणसांनी पळायचं कुठे, ते मात्र कुणी ठरवलेलं नाही. प्रतिमादिदीने ती उचलली, परत उलटी ठेवली, ती परत कलंडली, परत ठेवली, आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे वळून तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "आत्ता शरीरात कुठे काय जाणवलं?" हिसिलाने ते नेवारीत म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "ढुंगणात." हिसिलाने नेपाळीत प्रतिमादिदीला सांगितलं, "पाठीच्या कण्यात, खालच्या टोकाला." प्रतिमादिदीने मान हलवली. म्हाताऱ्याने मान हलवली. हिसिलाला वाटलं, आपण आता किंचाळणार.

तिचीच शाळा, तिचंच मैदान. जिथे आता प्रतिमादिदीचा तंबू होता तिथे प्रार्थनेला दहावीची रांग उभी राहायची, आणि वर्गात बडबड केली म्हणून हिसिला दुवालला त्या रांगेसमोर कितीदा तरी उभं केलेलं. तीच बडबड आता सगळ्यांना हवी होती. मन सावरायला मदत करणाऱ्यांची पथकं भक्तपूरला आली आणि त्यांच्या लक्षात आलं की इथल्या म्हाताऱ्या बायका नेवारीशिवाय बोलायला तयार नाहीत. तेव्हा मुख्याध्यापकांनीच बोट दाखवलं, ती घ्या, ती दोन्हीकडून बोलते. पहिलं पथक फुगे घेऊन आलं. दुसऱ्याने मुलांना घराचं चित्र काढायला सांगितलं, तर पोरं विचारायला लागली, आधीचं काढू की आत्ताचं, आणि पथकातली बाई स्वतःच रडायला लागली, तिला पाणी आणून द्यावं लागलं. प्रतिमादिदी त्यातल्या त्यात बरी. पार पूर्वेच्या झापा जिल्ह्याकडची, पायात दोन वेगवेगळ्या चपला, दिवसभर कोरडे नूडल्स चावायची आणि खोदून विचारायची नाही. आपलं काम साधं आहे, तिने हिसिलाला पहिल्याच सकाळी समजावलं होतं: बघायचं, ऐकायचं, आणि ज्याला जे हवं त्याच्याशी त्याला जोडून द्यायचं. आणि सांगताना "ते म्हणतात की" असं नको, त्यांच्याच जागी बसून सांग. म्हणून मग हिसिला दिवसभर दुसऱ्यांच्या जागी बसून होती. माझा नवरा विटांखाली गेला. माझ्या दोन शेळ्या गेल्या. माझा मुलगा कतारमध्ये आहे, त्याला सुटी मिळत नाही. एवढ्या लोकांच्या जागी बसून तिची कंबर धरली होती, आणि तिची स्वतःची आई गेली होती ते वाक्य तेवढं कुणी तिच्या हातात दिलंच नव्हतं. प्रतिमादिदीला ते माहीतच नव्हतं. खोदून विचारायचं नाही ना! शाळेचा स्वेटर घातलेली, तोंडाची टकळी चालू असलेली मुलगी; तिची आई जाईलच कशी?

सगळे म्हणायचे, बरं झालं शनिवार होता, शाळेला सुटी होती म्हणून पोरं वाचली. मुख्याध्यापक म्हणायचे, पथकवाले म्हणायचे, रेडिओवरचा माणूस तर इतक्या आनंदाने म्हणाला की जसा काही शनिवार त्यानेच आणला होता. आणि शनिवार होता म्हणून सगळ्यांच्या आया दुपारचा स्वयंपाक करत होत्या, आणि स्वयंपाकघर तर आपल्याकडे सगळ्यात वर, कौलांच्या लगत, हे कुणीच पुढे बोलायचं नाही. वाक्य अर्धंच सोडायचे. हिसिलाला अर्धी वाक्यं सहन व्हायची नाहीत. ती तेव्हा खाली चौकात होती. नळाला रांग होती आणि ती तिथे कुणाशी तरी भांडत होती. कुणाशी, ते आता आठवत नाही, इतकं काही फुटकळ कारण असणार. मग जमीन तिच्या पायाखाली कणकेसारखी झाली. त्यानंतरचं सगळं धूळ आहे. धुळीतून गुठीची माणसं आली, मेलेल्याला घाटावर न्यायचं काम ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे ती. त्यांनी आईला नेलं. घाटावर रांग होती. तिथेही रांग! आई असती तर पुढच्याला म्हणाली असती, सरका जरा, मला घरी कामं पडलीत.

"झालं का तुझं पोट भरून बोलून?" मागून निनीचा आवाज आला. निनी म्हणजे बांची, वडिलांची, थोरली बहीण. दुसऱ्या टोलात, म्हणजे पलीकडच्या वस्तीत दिलेली, तिचं घर थोडक्यात वाचलेलं, आणि भूकंपाच्या संध्याकाळपासून ती भावाच्या ताडपत्रीत येऊन राहिली होती आणि तिथून सगळ्या मैदानावर सत्ता गाजवत होती. "घरात सुतक, आणि पोर गावभर तोंड वाजवत फिरते. आज सातवा दिवस आहे. ठाऊक आहे का काही?"

ठाऊक होतं. सातव्या दिवशी संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी भात रांधायचा, पानात घालायचा आणि त्याच्या घराच्या वळचणीला बाहेरच्या बाजूने टांगायचा. तो येतो, खातो आणि मग पुढे जातो. हिसिलाने आजोबांच्या वेळी पाहिलं होतं. तेव्हा आईच वरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून दोरी बांधत होती, आणि खालून निनी ओरडत होती, पडशील गं, आणि आई वरून, मी पडले तर हाच भात मला घाला, दुसरा रांधू नका. कसली हसली होती गल्ली. आईची ती जागा. खाली भाजीवाली आली की तिथूनच टोपली सोडायची, तिथूनच भाव करायचा, हिसिला शाळेतून आली की तिला तिथूनच झापायचं, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल. वळचणीला मक्याच्या कणसांच्या जुड्या आणि त्यांच्या मधे आईचं डोकं. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, तेही वाळत घातलंय.

"यांना काही मदत हवी आहे का? विचार," प्रतिमादिदी म्हणाली.

"ही माझी निनी आहे," हिसिला म्हणाली. "हिला नेपाळी उत्तम येतं. बाजारात भांडताना तेच बोलते."

"मला नाही येत," निनी स्वच्छ नेपाळीत म्हणाली, आणि मग नेवारीत, "सांग तिला, मला वळचण हवी आहे. आहे का तिच्या पेटीत?"

हिसिलाने सांगितलं, आणि सांगताना तिला पहिल्यांदाच कळलं की निनीचा प्रश्न खरा आहे. घराला वळचण कुठे राहिली होती? पुढची अख्खी भिंत कौलांसकट गल्लीत आली होती. मागची उभी होती. वर हातभर छप्पर, खाली बांबूचा टेकू, आणि दारावर लाल रंगाची खूण: आत जाऊ नये. प्रतिमादिदी म्हणाली, "घराची आठवण आली की मनात काय येतं, ते त्यांना विचार हं." निनीने ते ऐकलं. तिला येत नसलेल्या भाषेत अगदी नीट ऐकलं. "सांग तिला," ती म्हणाली, "मनात हे येतं, की मागच्या गल्लीतून गेलं, शिडी लावली, तर वरपर्यंत हात पोचतो."

"वेडी आहेस का तू?" हिसिला ओरडली. हे तिने कुणालाच भाषांतर करून सांगितलं नाही.

मग सगळ्या मैदानाने त्यात तोंड घातलं. आपल्याकडे एकाची अडचण एकाची राहतच नाही, तिची लगेच सभा होते. गुठीतले एक काका म्हणाले, नियम म्हणजे नियम, स्वतःच्याच घराची वळचण पाहिजे. पलीकडच्या ताडपत्रीतली बाई म्हणाली, शाळेला वळचण आहे की चांगली लांबलचक, तिथे टांगा. "आणि तिथे सगळ्यांनीच टांगलं तर?" काका म्हणाले. "कुणाचा भात कुणी खायचा? भांडणं होतील." कुणीतरी म्हणालं, ताडपत्रीलाच टांगा की, आता तेच घर. "त्या निळ्या ताडपत्रीला?" निनी फणकारली. "तिच्यावर कुठल्या परक्या देशाचं नाव छापलंय. अशी निळी घरं इथे रांगेने आहेत. माझ्या भावजयीने आपलं कुठलं ते ओळखायचं कसं? तिला काय वाचता येत होतं?"

"आईला वाचता येत होतं!" हिसिला इतक्या जोरात, आणि चुकून नेपाळीत, म्हणाली की प्रतिमादिदीच्या हातातलं नूडल्सचं पाकीट सांडलं. येत होतं. हिसिला चौथीत असताना दोघी एकाच पुस्तकावरून शिकल्या होत्या, आई एका बोटाने ओळ धरून, रागारागाने, अक्षरांनीच तिचे पैसे बुडवले आहेत अशा आवेशात. पण हे आता इथे, या सभेत, कशासाठी सांगायचं? एकदम तिला सगळ्यांचा वीट आला. काकांचा, त्यांच्या नियमाचा, निनीचा, फुगेवाल्यांचा. बांचाही, बा मैदानाच्या त्या टोकाला पांढरं गुंडाळून विटेवर बसले होते, कुणाला शिवत नव्हते आणि कशात पडत नव्हते, जणू दुःख म्हणजे शांत बसायची परवानगी आणि ती एकट्या त्यांनाच मिळाली होती. आणि ही बाई, तिच्या दोन चपला, दोन्ही उजव्या पायाच्या आहेत की काय कोण जाणे, ही मान हलवत बसली आहे. "दिदी, तुम्ही काहीतरी करा ना! तुम्ही म्हणता ना, जोडून द्यायचं. हिला कशाशी जोडणार आहात?"

प्रतिमादिदीने पाकीट उचललं. मग म्हणाली, "मला माहीत नाही, बहिनी." धाकट्या बहिणीला हाक मारतात तसं. आणि मग, "तू 'आईला' म्हणालीस?"

तेवढ्यात हिसिलाचं लक्ष गेलं: सभा चालू होती आणि सभेत निनी नव्हती. चुलीवरचं भाताचं भांडंही नव्हतं.

ती धावत सुटली. मैदानातून, पडक्या फाटकातून, चौकातून, विटांच्या ढिगांमधून. मागे प्रतिमादिदीच्या चपला फटफट वाजत होत्या. इतके दिवस हिसिला पाणी आणायला लांबच्या वाटेने जायची. कुणी विचारलं तर सांगायची, त्या वाटेने सावली आहे. खरं म्हणजे त्या वाटेने घर दिसत नाही. आता मात्र जवळची वाट घेतली, कारण निनी मागच्या गल्लीत शिडी शोधत असेल, आणि मघाचा तो उंदराएवढा धक्का परत आला तर ती ते हातभर छप्पर आपल्या डोक्यावर घेणार, आणि मग तिच्यासाठी कोण भात रांधणार, हिसिला? हिसिलाला धड भातसुद्धा करता येत नाही, आईने कधी शिकवलाच नाही, म्हणायची, तू आधी तोंड बंद करायला शीक. मरायचंच असेल तर एकेकीने विचारून मरा ना! ती रडत नव्हती. तिला फक्त भयंकर राग आला होता, आणि रागातच ती कोपऱ्यावरून वळली, आणि समोर तेच होतं. घराचं तोंड गल्लीत पालथं पडलेलं. वर, जिथे खिडकी होती, तिथे नुसतं आभाळ, आणि ते इतकं निवांत निळं होतं की त्याचाही राग यावा.

निनी मागच्या गल्लीत पोचलीच नव्हती. ढिगापाशी हवालदाराने तिला अडवलं होतं. दोरी लावून तिथेच एका पेटीवर बसलेला, तराईतला कुणीतरी थकलेला माणूस. निनी भाताचं भांडं छातीशी धरून त्याला तिला न येणाऱ्या नेपाळीत शिव्या घालत होती. "आजीबाई, आत जायचं नाही," तो म्हणत होता. "आत जायचं नाही, बस." हे तो दिवसभर म्हणत असणार. त्याच्या आवाजावरून कळत होतं, त्यालाही वीट आला आहे.

हिसिलाने तेव्हा ढीग पाहिला. म्हणजे इतके दिवस जो पाहायचा नाही म्हणून ती लांबून जात होती, तो. तिला वाटलं होतं, पाहिला की काहीतरी होईल, छाती फुटेल वगैरे. काही झालं नाही. विटा होत्या. माती होती. कुणाचं तरी एक पातेलं होतं, त्यांच्याच घरातलं असणार, पण चेपल्यावर सगळी पातेली सारखीच दिसतात. आणि दोरीच्या अलीकडे, पार गल्लीच्या मधोमध, येणाजाणाऱ्यांनी पाय देऊन देऊन गुळगुळीत केलेली एक लांब काळी फळी होती, धुराने काळी झालेली, आणि तिच्या एका टोकाला मक्याच्या जुडीची दोरी अजून बांधलेली. कणसं कुणी नेली होती. गाठ राहिली होती. आईच्या गाठी सुटायच्या नाहीत, कापाव्या लागायच्या.

"निनी," हिसिला म्हणाली, "वर काय बघतेस? वळचण खाली आली आहे."

निनीने वळून पाहिलं. "ही? ही तर फळी आहे."

"वर होती तोवर वळचण आणि खाली आली की फळी? मग तू या घरातून लग्न करून गेलीस तेव्हा कोण झालीस? भात कशाला रांधलास मग? कुणाच्या नात्याने?"

निनीचं तोंड उघडं राहिलं. असं ते हिसिलाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग तिने भाताचं भांडं हवालदाराच्या पेटीवर ठेवलं, हवालदाराला उठवून, आणि पदर खोचला.

"इथलं काही हलवायचं नाही," हवालदार म्हणाला.

"आत कोण जातंय? बाहेर आलेलंच तर घेतोय," हिसिला म्हणाली. प्रतिमादिदी पोचली होती, धापा टाकत. ती वाकली आणि तिने दुसरं टोक धरलं. फळी हलेना. एका बाजूने ती विटांखाली अडकली होती, आणि हिसिलाला त्या विटा हातांनी काढाव्या लागल्या, एकेक; तिच्या नखांत तीच माती जात होती, आणि ती सतत बोलत होती, निनीला सूचना, दिदीला सूचना, हवालदाराला टोमणे, कारण बोलणं थांबलं तर विटेखाली काय निघेल याचा विचार करावा लागला असता. कापडाचा एक तुकडा निघाला. पायपुसण्याचा. नुसता पायपुसण्याचा. तिने तो बाजूला ठेवला आणि पुढची वीट काढली. शेवटी हवालदार स्वतःशी काहीतरी पुटपुटत आला आणि त्याने खांदा लावला, आणि घराची वळचण जमिनीतून दात उपटावा तशी सुटून आली.

तिघींनी ती मैदानात आणली तेव्हा सभेने परत तोंड घातलं असतं, पण काकांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा निनीकडे, आणि ते घसा खाकरून बाजूला सरकले. ताडपत्रीच्या पुढच्या दोन बांबूंवर ती आडवी टेकवायची होती. हिसिलाचा हात पुरेना, निनीची गाठ टिकेना. तेव्हा बा उठले. विटेवरून उठून ते आले, पांढऱ्याचं टोक दातात धरून त्यांनी दोन्ही हातांनी दोरी आवळली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बोलले. "डावीकडे जरा वर," ते म्हणाले. मग फळीवरून हात फिरवून ते परत जाऊन बसले, पण या खेपेस जवळच्या विटेवर.

निनीने पान बांधलं, त्यात भात, वर काळ्या डाळीचा गोळा, तूप. सगळं रीतसर. फक्त एकच झालं: वळचण फार खाली होती. खऱ्या घराला ती तीन मजल्यांवर असते, तिथे फक्त पंखवाल्यांनीच पोचायचं. इथे भात हिसिलाच्या छातीशी लोंबत होता, आणि मैदानातल्या सगळ्या कुत्र्यांना ते एका क्षणात समजलं. पिवळं आलं, काळं आलं, एक कान नसलेलं आलं. निनी म्हणाली, "आता बस राखण करत. मी सगळ्यांना कोरड्या पोह्यांचा चिउरा वाढते." म्हणून हिसिला बसली, हातात काठी. मैदानाच्या टोकाला एक बाई हात हलवून प्रतिमादिदीला बोलावत होती. तिथे कुणीतरी नवीन बोलायला तयार झालं होतं, दुभाषी हवी होती. प्रतिमादिदीने तिकडे पाहिलं आणि हातानेच सांगितलं, उद्या. मग तिने दुसरी एक काठी शोधून आणली आणि ती फळीच्या दुसऱ्या टोकाशी, आपल्या दोन उजव्या की काय त्या चपला काढून, बसली.

तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग हलकेच म्हणाली, "कुत्र्यांना हाकलायचं. पण कावळ्यांना नाही. बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि चिमण्या?"

"चिमण्यांचं मला माहीत नाही," हिसिला म्हणाली. "आईला विचारायला हवं." आणि मग तिला आपण काय बोललो ते ऐकू आलं. तिने काठी जमिनीवर आपटली. कान नसलेलं कुत्रं दोन पावलं मागे गेलं आणि परत बसलं. शाळेच्या छपरावर एक कावळा होता, मगापासून. मान वाकडी करून इकडे बघत होता, पिसं साफ करत होता, परत बघत होता. जसं काही त्याला इथे कुणी बोलावलंच नाही, तो आपला सहज बसला आहे. ऊन कौलांवरून सरकत चाललं होतं. भातावरची वाफ केव्हाच गेली होती, तुपाचा पांढरा थर झाला होता. कुत्री तीन होती, आणि ती एक, आणि तिचा हात दुखायला लागला होता, आणि तो वर नुसता बसून होता, भाव करत.

हिसिला उठून उभी राहिली. "येतेस का आता?" ती छपराकडे तोंड करून ओरडली, चार ताडपत्र्यांना ऐकू जाईल अशी. "किती वेळ? कुत्री खातील सगळं! मी काय रात्रभर बसू इथे? आई! आई, गार झाला भात!"

प्रतिमादिदीने मान हलवली नाही. ती उठली, कुत्र्यांच्या आणि हिसिलाच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि अनवाणी पाय आपटून, झापाकडच्या कुठल्यातरी गावंढळ आवाजात म्हणाली, "हट्!"